सातव्या वचनावर थांबलेली मंडळी

नाताळच्या उपासनेत पडद्यावर गीत आलं आणि आमच्या मंडळीतल्या दोन-अडीचशे माणसांनी येशूला धागा म्हटलं. गीतात शब्द होता 'देवसुत', पडद्यावर उमटला 'देवसूत'. सुत म्हणजे पुत्र आणि सूत म्हणजे चरख्यावर निघतं ते. पुढच्या कडव्यात 'दीन'चा 'दिन' झाला, म्हणजे 'मी गरीब, लीन' म्हणायचं तिथे आम्ही 'मी दिवस' असं कबूल करून मोकळे झालो. गाताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, चाल सगळं गिळून टाकते. माझ्या शेजारी मात्र शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ते प्रार्थनेसाठी नव्हते.

माझं सगळं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं, त्यामुळे हा धंद्यातला रोग आहे हे मला मान्य आहे. पडदा चालवणाऱ्या मुलाला मी काही बोललो नाही. तो बिचारा आदल्या रात्री एक वाजेपर्यंत एकटा बसून पंचवीस गीतं टंकत होता. मी बोललो ते मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्याशी. म्हटलं, पडद्यावर टाकायच्या आधी कुणीतरी एकदा वाचून बघत चला. त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "अहो, देव काय ऱ्हस्व-दीर्घ बघतो का? देव हृदय पाहतो."

या वाक्यापुढे बोलणं संपतं, कारण ते पवित्र शास्त्रातलं आहे. आणि ते जिथे तिथे कामी येतं. पेटीचा एक स्वर उतरलेला आहे, देव हृदय पाहतो. शास्त्रवाचन करणाऱ्याने उतारा पहिल्यांदाच उघडला आहे आणि मफीबोशेथ या नावापाशी तो तीनदा अडखळला आहे, देव हृदय पाहतो. स्मशानभूमीच्या भिंतीला प्लास्टर लावलं ते पहिल्याच पावसात खाली आलं, तरी ठेकेदार आपल्याच मंडळीतला आहे, मनाने चांगला आहे. मराठी मंडळ्यांमधल्या सेवेचा दर्जा घसरतोय तो पैशाअभावी किंवा माणसांअभावी नव्हे, असं माझं मत आहे. तो या एका वचनाच्या आडोशाने घसरतोय. आपण हे वचन ढालीसारखं धरलं आहे आणि ढालीमागे आळस बसला आहे.

ते वचन आहे कुठे? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, सोळाव्या अध्यायात, सातवं. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा निवडायला गेला आहे. थोरला मुलगा उंच, देखणा. शमुवेलाला वाटतं हाच. तेव्हा देव त्याला सांगतो की माणूस बाहेरचं रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. आणि मेंढरांमागे गेलेला धाकटा दावीद निवडला जातो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण पान उलटण्याचीही गरज नसते, त्याच अध्यायात दहा-अकरा वचनं खाली उतरलं तर काय दिसतं? शौल राजाला दुरात्मा छळतो आहे. त्याचे चाकर म्हणतात, वीणा चांगली वाजवणारा कुणीतरी शोधू. शौल म्हणतो, हो, उत्तम वाजवणारा पाहून आणा. आणि एक चाकर सांगतो, बेथलेहेमच्या इशायचा एक मुलगा मी पाहिला आहे, तो वाजवण्यात निपुण आहे.

ज्याचं हृदय देवाने पाहिलं, तोच वाजवण्यात निपुण होता. एकाच अध्यायात, एकाच माणसाबद्दल दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. आणि नीट पाहिलं तर शौलाच्या दरबारात दावीद शिरतो तो हृदयाच्या जोरावर नाही, बोटांच्या जोरावर. रानात मेंढरं राखताना, ऐकायला कुणी नसताना त्याने ती बोटं तयार केली असणार. आपण सातव्या वचनावर पुस्तक मिटतो.

दुसरं आवडतं उदाहरण म्हणजे मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकणारी विधवा. गरिबाने थोडंसं दिलं तरी प्रभूने वाखाणलं, मग आमच्या मोडक्यातोडक्या सेवेला नावं का ठेवता, असा तो युक्तिवाद असतो. पण येशूने तिला वाखाणलं ते थोडं दिलं म्हणून नव्हे. तिच्याजवळ होतं तेवढं सगळं तिने टाकलं, आपली सगळी उपजीविका, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. उरलंसुरलं टाकणारे होते ते श्रीमंत. म्हणजे ज्याच्या हातात बँकेचे हिशेब पैशापैशाला जुळतात, पण मंडळीचं खतावणीपुस्तक तो वार्षिक सभेच्या आदल्या रात्री लिहायला घेतो, त्याने स्वतःला त्या विधवेच्या रांगेत उभं करू नये. तो दुसऱ्या रांगेतला आहे. कचेरीत चाललं नसतं ते देवाला चालतं असं मानणाऱ्यांना मलाखी संदेष्ट्याने फार जुना प्रश्न विचारून ठेवला आहे: आंधळं, लंगडं जनावर तुम्ही अर्पण करता, तेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्या बरं, तो प्रसन्न होईल का?

पण हा वाद केवळ वचनांनी लढायचा नाही. गचाळ कामाची किंमत देव भरत नाही, ती कुणीतरी शेजारचा माणूस भरतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबातल्या मुलीला परदेशी नर्सिंगच्या नोकरीसाठी कागदपत्रं हवी होती. शाळेच्या दाखल्यात एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव चुकलेलं, आणि आई-वडिलांच्या लग्नाच्या नोंदीत वर्षच खाडाखोड केलेलं. ती मंडळी कुठली ते सांगत नाही. नोंद करणारा माणूस प्रार्थनेत दोन-दोन तास गुडघ्यांवर असायचा, हे मात्र सगळे अजून सांगतात. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली पाळकाने भरलेली लग्नाची नोंद हा सरकारी पुरावा असतो. तिथे पाळकाचा हात हा एका अर्थी निबंधकाचाच हात असतो. त्या मुलीची आई विधवा होती. प्रतिज्ञापत्रं, वकील, तालुक्याला हेलपाटे, यात तिचे सहा महिने गेले. सुवाच्य अक्षर आणि एकदा ताडून पाहिलेली तारीख, एवढीच सेवा तिला हवी होती.

प्रेषितांच्या काळातल्या पहिल्या मंडळीतही भांडण झालं ते शिकवणुकीवरून नव्हतं, वाटपावरून होतं. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी 'आपण प्रार्थना करू' एवढं म्हणून विषय मिटवला नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं आणि निवडीची अट घातली: नावलौकिकाचे, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. जेवण वाढण्याच्या कामासाठी ही अट.

आता इतिहासाकडे वळतो, कारण आपल्याकडे हे कधी नव्हतंच असं कुणी म्हणू नये. मराठी ख्रिस्ती माणसाचा वारसा उलट कारागिरीचाच आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात उतरला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' रायतूरला छापून निघालं 1616 साली. मधली सदतीस वर्षं. या माणसाची मायबोली मराठी नव्हती, आणि त्याने हजारो ओव्या अशा रचल्या की आजही त्या म्हणताना जीभ अडत नाही. दोन वर्षांत काहीतरी जुळवून, फिरंगी लोकांच्या बोबड्या मराठीत त्याला ग्रंथ उरकता आला असता. हृदय तर त्याचं होतंच. पण ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना ओवी कानात बसलेली आहे, हे त्याने ओळखलं आणि ओवी शिकायला जेवढा वेळ लागतो तेवढा दिला.

माझ्या धंद्यातली गोष्ट तर याहून जवळची. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाच्या माणसाने देवनागरी टाइपांवर एकोणिसाव्या शतकात काम केलं, त्याच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा टाइप घासायला लागला. खिळा घासणं म्हणजे ओतून निघालेल्या अक्षराच्या कडेचा फाजील धातू काढून ते शेजारच्या अक्षराला नीट टेकेल असं करणं. दिवसभर हेच काम. त्याच जावजींनी पुढे 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी अक्षराचं वळण साऱ्या देशासाठी ठरवलं. मिशनऱ्यांना धर्मपत्रिका छापायच्या होत्या. त्यांच्या छापखान्यात शिकलेल्या हाताने पुढे संस्कृत काव्य-नाटकं आणि पंचांगं छापली. यात मिशनचा तोटा झाला असं मला वाटत नाही. चांगलं काम मालकाला चिकटून राहत नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या अजून टांगलेल्या आहेत आणि अजून वाजतात. ओतणाऱ्याने धातूत कसर केली नाही, म्हणून तर पावणेतीनशेहून जास्त वर्षांनंतर त्यांचा आवाज फुटलेला नाही.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्याबद्दल भाषणं पुष्कळ होतात, पण त्यांनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्याबद्दल कमी बोललं जातं. रमाबाई जन्माने संस्कृत पंडिता. पुराणं सांगत देश फिरलेल्या. बायबलचं मराठी भाषांतर करायचं ठरवलं तेव्हा इंग्रजीवरून करता आलं असतं, कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक अभ्यासल्या, मूळ भाषांवरून भाषांतर केलं, आणि ते जुळवायला खिळे हातात घेतले ते मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनी. त्यांतल्या कित्येकींना दुष्काळाने तिथे आणून सोडलं होतं. ज्यांना अक्षरही ठाऊक नव्हतं, त्यांना आधी वाचायला शिकवलं, मग उलटं वाचायला. कारण खिळा आरशातल्यासारखा उलटा असतो. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर आलं 1924 मध्ये. त्या भाषांतराच्या शैलीबद्दल दोन मतं होऊ शकतात, मलाही काही जागा खडबडीत वाटतात. पण 'या दुष्काळातल्या पोरी आहेत, चुका व्हायच्याच, देव समजून घेईल' असं रमाबाई म्हणाल्या नाहीत. त्या मुलींकडून त्यांनी बिनचूक कामाची अपेक्षा केली. आणि मला वाटतं, त्या मुलींना मिळालेला सर्वांत मोठा मान तोच होता. ज्याच्याकडून आपण काहीच अपेक्षा करत नाही, त्याची आपण दया करत असतो. पडद्यावरच्या त्या मुलाची आम्ही गेली तीन वर्षं दयाच करतो आहोत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. कौशल्य, दर्जा, शुद्धलेखन हे शब्द आपल्या कानांना निष्पाप नाहीत. नगरकडच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) आमच्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या माणसांनी उभ्या केल्या. ज्यांना शाळेच्या ओट्यावर बसू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांना आता तुम्ही ऱ्हस्व-दीर्घावरून हिणवणार का? मंडळी ही एकच जागा आहे जिथे आमच्या आजीला मोडक्या मराठीत उठून साक्ष देता आली. तिथेही परीक्षा घेणार?

आजीच्या साक्षीला परीक्षा नाही. साक्ष ही सेवा नव्हे, ते तिचं स्वतःचं बोलणं आहे, ती बोलेल तसं. पण आक्षेपाच्या पोटात जे गृहीत धरलं आहे, ते मला मान्य नाही. कौशल्य ही वरच्या जातींची मालमत्ता आहे, आपल्याकडे फक्त हृदय आहे, हे कुणी ठरवलं? गावगाड्यात दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, हलगी-सनई वाजवणारे हात कुणाचे होते? मांगाच्या हलगीवर गावाची लग्नं लागत होती आणि जत्रा उठत होती. ते वाजवणं बलुत्याच्या अपमानाला बांधलेलं होतं, म्हणून ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळांनी हलगी खाली ठेवली. ते मी समजू शकतो, माझ्याच घरात ठेवली गेली. पण अपमान खाली ठेवताना त्याच्यासोबत लयीची पिढीजात समजही खाली ठेवली गेली आणि तिच्या जागी आम्ही कीबोर्डचं बटण घेतलं, हा सौदा बरोबर झाला का, हे विचारायला हवं. कौशल्याचा आग्रह हा आमच्या लोकांवर लादलेला परका दंडक नाही. तो आमच्या हातांतून काढून घेतलेला, किंवा आम्हीच टाकून दिलेला, जिन्नस आहे.

कीबोर्डच्या बटणाचा विषय निघालाच आहे. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी शेकडो गीतं, अभंग लिहिले. त्यांना खटकत होतं ते हे की मराठी माणूस विलायती चालींवर भाषांतरित शब्द ओढूनताणून म्हणतो आहे. त्यांनी कीर्तन आणलं, भजन आणलं. शंभर वर्षांनी आम्ही काय केलं? दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांत डुलत जाणारं भजन घ्यायचं आणि त्याच्याखाली यंत्रातली चार मात्रांची तयार बीट लावायची. दोन्ही एका घरात नांदत नाहीत. मग गाणाऱ्याने शब्द ताणायचा, कुठे दोन अक्षरं खायची. तरुण मंडळी म्हणते, जुनी गीतं कंटाळवाणी आहेत. खरंच आहेत, अशी म्हटली तर.

उलट बाजूची एक भीतीही रास्त आहे, तिच्यावर मात्र फार वेळ घालवायचा नाही. दर्जा म्हटलं की काहींच्या डोळ्यांपुढे धूर सोडणारी यंत्रं, फिरते रंगीत दिवे आणि छातीत धडधडेल एवढे स्पीकर येतात. त्याला मी दर्जा म्हणत नाही. मोठा आवाज हा बहुतेक वेळा न केलेली तालीम झाकण्यासाठी असतो. ज्या उपासनेत गाणाऱ्या मंडळीचा आवाज मंडळीलाच ऐकू येत नाही, तिथे मंचावरचे कितीही तयार असोत, सेवा झालेली नाही.

मग कौशल्य येतं कुठून? निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे, निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएल लोकांच्या फिरत्या उपासनामंडपाचं, सोन्याचं, लाकडाचं, खोदकामाचं सगळं काम त्याच्याकडे होतं. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झालेला माणूस असं वर्णन पवित्र शास्त्रात पहिल्यांदा येतं ते कुणा संदेष्ट्याचं किंवा याजकाचं नाही, या कारागिराचं. यावर उपदेश मी ऐकले आहेत. पण पस्तिसाव्या अध्यायात पुढे एक बारीक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, अहलियाबाला, देवाने दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. कौशल्य एका माणसापाशी संपू नये, याची तजवीज तिथेच केलेली आहे.

ही तजवीज प्रत्यक्षात कशी दिसते, ते पाहायला गोव्यात जावं. पोर्तुगीज काळापासून तिथल्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असे आणि तिथे मेस्त नावाचा शिक्षक मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला, व्हायोलिन वाजवायला शिकवी. हा चर्चचा पगारी माणूस होता, फावल्या वेळचा स्वयंसेवक नव्हता. शेतकऱ्याचं, ताडी काढणाऱ्याचं पोर कागदावरचे स्वर बघून वाजवायला शिकत असे. त्या शाळांतून निघालेली मुलं विसाव्या शतकात मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या गायनशिक्षकाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस. त्याच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. आपण रेडिओवर जे ऐकत मोठे झालो, त्याच्या मुळाशी एका गावच्या चर्चने शिक्षकाला वेळेवर दिलेला पगार आहे. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासना लोकांच्या भाषांत आणायची वाट मोकळी केली, त्याच दस्तऐवजात गायक-संगीतकारांना खरंखुरं प्रशिक्षण द्या असंही बजावलं आहे. भाषा बदलली की काम झालं, असं त्यांनी मानलं नाही.

आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पैसा नाही असं म्हणतात. मला तसं दिसत नाही. पैसा वस्तूंना मिळतो, माणसांना मिळत नाही. याचं कारण साधं आहे. स्पीकरवर 'कैलासवासी' नाही तरी 'प्रभूमध्ये निजलेले अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवता येतं. पंख्यावर रंगवता येतं, बाकावर कोरता येतं. तबला शिकवायला येणाऱ्या माणसाच्या पाठीवर काय रंगवणार? त्यामुळे दरवर्षी एखादं यंत्र येतं आणि ते चालवायला शिकवणारा कुणी येत नाही. आमच्याकडे आवाज मिसळायचं एक यंत्र आहे, त्याला चोवीस खुंट्या आहेत, आणि त्यांतल्या तीन फिरवायच्या नाहीत एवढंच ज्ञान पिढ्यानपिढ्या पुढे दिलं जातं.

मागच्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडला. नव्या पडद्यासाठी जी रक्कम बाजूला ठेवली आहे, तिच्यातून एक वर्ष एका तबला-पेटीच्या शिक्षकाचं मानधन द्यावं. शास्त्रवाचकाला उतारा बुधवारी कळावा आणि शनिवारी त्याने तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा. पडद्यावर जाणारं प्रत्येक अक्षर दुसऱ्या माणसाने वाचावं, ते काम मी फुकट करीन. आणि ज्याला एखादं काम जमत नाही, त्याला ते कुणीतरी प्रेमाने सांगावं आणि त्याला जमेल ते काम त्याच्या हातात द्यावं. या शेवटच्या मुद्द्यावर सभागृह शांत झालं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकेक नाव आलं आणि काहींच्या डोळ्यांपुढे माझं आलं असणार. मी चार वर्षं कॉयरमध्ये खर्जाचा आवाज बिघडवत होतो आणि मला कुणीही सांगितलं नाही. स्वयंसेवकाला नाही म्हणता येत नाही, असा आपला समज आहे. तो फुकट करतो ना! पण त्याच्या फुकट कामाची किंमत समोर बसलेली मंडळी दर रविवारी मोजत असते. एक तरुण डीकन, म्हणजे मंडळीच्या कामकाजात मदत करणारा सेवक, उठून म्हणाला, असं केलं तर माणसं दुखावतील आणि सोडून जातील. जातील काही. तेही मी नाकारत नाही. मात्र नीट काम करणारी जी माणसं गेल्या दहा वर्षांत काहीही न बोलता निघून गेली, त्यांची यादी कुणी केलेली नाही. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

तबल्याचं मात्र थांबता येत नव्हतं, त्याची शाई तडकली होती. मी तो घेऊन पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. मुसलमान आहे, तीन पिढ्यांचं दुकान. त्याने पुडीवर बोट मारलं, कान लावला, वाद्या चाचपल्या, गठ्ठे हलवून पाहिले.

"कुठं वाजतो हा?"

"चर्चमध्ये."

"देवाघरचा तबला असा ठेवतात का, चाचा? उन्हात होता हा. आणि हातोडी कुणी मारली?"

मी गप्प राहिलो. म्हटलं, रविवारपर्यंत द्या. तो म्हणाला, शाईचा एकेक थर लावायचा, दगडाने घोटायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा. रविवारी होणार नाही, बुधवारी होईल. मी म्हटलं, वरवर काहीतरी करून द्या, आमची उपासना आहे. त्याने तबला माझ्याकडे परत सरकवला. "मग असाच घेऊन जा. वरवरचं माझ्याकडे होत नाही."

तबला तिथेच ठेवून आलो. त्या रविवारी कीबोर्डवाला मुलगाही गावाला गेला होता, तेव्हा आम्ही कशाच्याही आधाराशिवाय गायलो. पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात निम्मी मंडळी पुढे निघून गेली आणि निम्मी मागे राहिली. शेवटी मराठीच्या बाईंनी समोरच्या बाकावर बोटांनी ठेका धरला, तेव्हा कुठे सगळे एका जागी आले.